एक मीटर वाट

६ मार्च

एकतीस वर्षं जमीन कार्यालयात बसून लोकांच्या जमिनींच्या नोंदी केल्या. आता स्वतःच्या जमिनीची नोंद ठेवते, म्हणून ही वही.

साम्रित आज जागा बघून गेला. दहाला येतो म्हणाला होता, पावणेबाराला उगवला, आणि वर मलाच म्हणतो, "संगवियनताई, अहो एवढ्या उन्हाचं कशाला बोलावलंत?" गावात मातीकाम करणारा हा एकच. एक पोकलेन, चार ट्रक, एक रोलर आणि भरपूर तोंड. तालुक्याला दुसरे आहेत, पण ते फोनवरच भाव सांगून मोकळे होतात. हा निदान जमिनीवरून चालला तरी.

पारदर्शक नळीत पाणी भरून त्याने रस्त्याची पातळी माझ्या कुंपणाच्या खांबावर खडूने उतरवली. जमीन रस्त्यापेक्षा बरीच खाली आहे.

"रस्त्याच्या वर एक वीत घ्या. पुरे," तो म्हणाला.

"जमिनीपासून दीड मीटर घ्यायचं."

त्याने दातातली काडी काढली. "घर बांधताय की धरण?"

"तू माती टाक."

"दोनशे ट्रक लागतील. आणि मागे तुमच्या बहिणीकडे, लामदुआनताईंकडे पाणी तुंबेल त्याचं काय?"

"पाण्याचं पाणी बघेल," मी म्हटलं. पोकलेनवाल्यांना प्रत्येक गोष्टीत आपलं मत असतं. पण माणूस कामाचा दिसतो, ठरवून टाकलं.

११ मार्च

आमची जमीन म्हणजे एक लांबोळका पट्टा. एका टोकाला कालवा, दुसऱ्या टोकाला रस्ता. बाबांनी वाटणी केली तेव्हा रस्ता नव्हताच. सगळं येणंजाणं होडीने, त्यामुळे घराचं तोंड कालव्याकडे आणि पाठ बांबूच्या रानाकडे. तोंड धाकटीला, लामला मिळालं, घरासकट. पाठ मला. मी तेव्हा दूर नोनथाबुरी शहरात नोकरीत होते, दोन दिवसांची रजा काढून आले होते. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "संगवियनला मागचं चालेल. ती कधी कुरकुर करत नाही." मी कुरकुर केली नाही.

मग रस्ता आला आणि माझ्या पाठीचंच तोंड झालं. मोठ्या पुरानंतर कालव्याच्या काठाने माणसापेक्षा उंच भिंत घातली गेली, होड्यांचा धक्का गेला आणि लामचं तोंड बुजलं. आता ती रस्त्यावर येते ती माझ्या जागेतून. जिला कुठूनच वाट उरत नाही तिला आमच्याकडे आंधळी जमीन म्हणतात. शेजाऱ्याने तिला वाट द्यावी लागते, तसा कायदा आहे. किती रुंद, तो आकडा कायद्यात नाही. गरजेपुरती, आणि देणाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल अशी, एवढंच. मला ते कलम तोंडपाठ आहे.

आई लामकडे असते. गुडघे गेल्यापासून तिला जिना चढवत नाही, म्हणून लामने खांबांवरच्या त्या जुन्या घराच्या खाली विटा रचून तिला खोली करून दिली आहे. त्र्याऐंशीव्या वर्षी घराखाली, कोंबड्यांच्या जागेत. माझ्या घरात तिच्यासाठी खोली असेल, पांढऱ्या फरशीचं न्हाणीघर असेल, भिंतीला धरायला दांडा असेल. हे सगळं मी तिच्यासाठीच करते आहे.

पण मी मागायला जाणार नाही. लामने आपणहून म्हणायला हवं, ताई, आईला तू ने. एवढं एक वाक्य मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

१५ मार्च

पहिली माती पडण्याआधी धरणीमातेची परवानगी घ्यायची असते. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने नऊ उदबत्त्या लावायच्या. आईला साम्रितने हाताला धरून आणलं. मी केळी, नारळ, उकडलेली अंडी मांडून ठेवली होती. आईने उदबत्त्या कपाळाला लावल्या आणि मोठ्याने म्हणाली, "धरणीमाते, माझी थोरली तुझ्या उरावर दोनशे ट्रक टाकणार आहे. तुला दुखलं तर तिला सांग. माझ्याकडे येऊ नकोस, माझं ती ऐकत नाही."

साम्रित एवढा हसला की त्याला ठसका लागला. लामही हसली. मला हसू आलं नाही, पण आईची जीभ अजून शाबूत आहे याचं बरं वाटलं. अंडी आईने तिथेच बसून खाल्ली, दोन.

१८ मार्च

ट्रक सुरू झाले. विहारामागे कोणी तळं खणतो आहे, तिथली माती आणि वरून मुरूम. धुळीने सगळं लाल. मी सध्या भाड्याच्या खोलीत राहते, रस्त्यापलीकडे, त्यामुळे बसल्या जागी सगळं दिसतं.

संध्याकाळी लाम आली. शाळेजवळ पेज विकते ती. आलं आणि डुकराचा खिमा घातलेली पेज, सकाळी सहा ते नऊ. मोटरसायकलला साइडकार जोडलेली आहे, तिच्यावर दोन पातेली, शेगडी, वाट्या. चपला बाहेर काढून दारातच बसली.

"ताई, वाट कुठून ठेवणार?"

"डाव्या कुंपणाने."

"किती?"

"एक मीटर."

"माझी गाडी नाही जायची त्यातून. चाळीस सेंटिमीटर जास्त दे ना. फक्त चाळीस."

"कायद्याने माणूस जाण्यापुरती वाट द्यायची असते, लाम. पेज जाण्यापुरती नाही."

तिला राग येईल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "बरं. तू जेवलीस का?" आणि उकडलेली केळी ठेवून निघून गेली. तिचं हे असं असतं, कायम. भांडायला यायचं आणि केळी ठेवून जायचं. बघणाऱ्याला वाटावं, काय बाई गरीब स्वभावाची.

साइडकारसकट तिची गाडी एक मीटर अडतीस आहे. ती परवा शाळेजवळ वाट्या विसळत होती तेव्हा मी टेप लावून मोजली होती.

२ एप्रिल

आज साम्रितशी वाजलं. भराव पूर्ण उंचीला आला आहे, रोलर फिरला. आता म्हणतो, मागच्या हद्दीवर चर खणून तो विहाराच्या नाल्याला जोडायचा. दोन हात रुंद, दोन हात खोल.

"कशाला?"

"ताई, पूर्वी पावसाचं पाणी तुमच्या जागेत पसरायचं. आता पुढे तुमचा भराव, मागे कालव्याची भिंत. मध्ये लामदुआनताई. घमेलं झालं की ते."

"चर नको. माझी जागा कमी होते."

"चर त्यांच्या हद्दीत खणतो. त्यांनी हो म्हटलंय."

"तुझं मशीन माझ्या भरावावरून जाणार ना? नको."

"फुकट खणतो. एका दिवसाचं काम आहे. तुमच्या खिशातून काही जात नाही."

"फुकट असलं तरी नको."

त्याने मशीन बंद केलं आणि खाली उतरला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, जणू काही मीच सर्व्हेचा दगड आहे. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माती नकोच होती. तुम्हाला पाणी हवंय."

काहीतरीच. पाणी कोणाला हवं असतं? दोनशे ट्रक माती टाकली ती पाणी नको म्हणूनच ना? या लोकांना दोन शब्द नीट जोडता येत नाहीत आणि टोमणे मारायला निघतात.

१३ एप्रिल

सोंगक्रान, आमचं नवं वर्ष. मोठ्यांच्या हातावर सुवासिक पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा दिवस. एक मीटरच्या वाटेने मागे गेले. वाट मी खालीच ठेवली आहे, भरावाच्या भिंतीच्या कडेने. भिंत माझ्या हनुवटीपर्यंत येते. तिथून जाताना जरा बोळात शिरल्यासारखं वाटतं, पण एका माणसाला पुष्कळ आहे.

आई खोलीच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसली होती. लामने आधी पाणी घातलं, मग मी. आईने दोघींच्या डोक्यावर ओले हात ठेवले. मी म्हटलं, "आई, घर पावसाळ्यात येतंय. कारखान्यात बांधलेलं तयार घर, ट्रेलरवरून आणून ठेवायचं फक्त. तुझ्या खोलीला मोठी खिडकी आहे."

"घराचं तोंड कुठे?"

"रस्त्याकडे."

"म्हणजे आमच्याकडे पाठ," आई म्हणाली, आणि लामला म्हणाली, "हिला आंबा-भात दे. हिला लहानपणापासून आवडतो, मागत मात्र नाही कधी."

नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा. खरंच मला फार आवडतो. मी थोडाच खाल्ला.

९ जून

पाऊस चांगला लागला आहे. माझ्या जागेवर थेंबभर पाणी ठरत नाही, साम्रितने उतार झकास काढला आहे. जेमतेम बोटभर, पण सगळं पाणी मागे जातं. कामात खोट काढायला जागा नाही.

लामचं अंगण भरलं आहे. घोट्याएवढं.

३ जुलै

घर आलं. क्रेनने उचलून ठेवलं, अख्खा गाव बघायला जमला. साम्रित म्हणत होता, माती एक पावसाळा बसू द्या. मी थांबणार नाही म्हटलं. आईच्या खोलीचं दार आपोआप उघडतं, जरासा झुकाव आला असावा. तिला बरंच आहे, ढकलावं लागणार नाही.

लाम गाडी आता रस्त्याकडेला, माझ्या कुंपणाला लावून ठेवते. पातेली हातात धरून मागून आणते. गरम पेजेचं पातेलं दोन्ही हातांनी धरून पाण्यातून चालायचं, मग परत जाऊन शेगडी, परत जाऊन वाट्या. चार खेपा. चपला चिखलात रुततात म्हणून अनवाणी. तिच्या टाचा पहिल्यापासूनच भेगाळलेल्या. मी वरून बघत होते. दर खेपेला मान वर करून हसते.

२१ जुलै

नऊ भिक्खू येऊन गृहप्रवेश झाला. आई आली नाही. पाण्यातून कशी आणणार, असं लाम म्हणाली. मी म्हटलं, साम्रित उचलून आणेल. तर आईनेच निरोप धाडला, "मी काय सिमेंटचं पोतं आहे का?"

सगळ्यांनी घराचं कौतुक केलं. एक म्हातारे भिक्खू मागच्या खिडकीतून बराच वेळ खाली बघत होते. त्यांनी विचारलं, "तिथे कोण राहतं?" मी सांगितलं, बहीण. ते बरं म्हणाले आणि ताट बाजूला सारलं. वयोमानाने खाणं कमी होतंच.

१४ ऑगस्ट

आईच्या खोलीत पाणी शिरलं. लामने पलंगाच्या चारही पायांखाली एकेक वीट दिली आहे. इथून खिडकीतून व्यवस्थित दिसतं.

२२ ऑगस्ट

दोन विटा.

३० ऑगस्ट

तीन. पलंग एवढा वर गेला आहे की आईला उतरवायला लाम तिला पाठुंगळी घेते. न्हाणीघरातही पाणी आहे. मी वरून हाक मारून म्हटलं, "लाम, अवघड होत चाललंय गं तुला." ती म्हणाली, "जमतंय, ताई." आडमुठी. शेवटी मी आईचीच मुलगी, मलाही थांबता येतं.

आज माझ्या घरात आईच्या पलंगावर नवी चादर घातली. निळी, बारीक फुलांची. मग उगाच त्यावर थोडा वेळ आडवी झाले. खिडकीतून वारा छान येतो. इथे ती झोपलेली असेल आणि मी सकाळी तिला चहा देईन, हे मनात आलं आणि रडूच आलं मला. किती वर्षं मी हे धरून ठेवलं आहे, कोणाला माहीत नाही.

८ सप्टेंबर

साम्रित आला होता. काम संपून पाच महिने झाले तरी येतो. मला भेटला नाही, सरळ वाटेने मागे गेला, पाण्यातून आईला पाठीवर घेऊन जिन्याने वर पोचवून आला. आता दोघी वरच्या घरात आहेत. आई खाली येऊ शकणार नाही, न्हाणीघर खाली आहे. बादली वापरावी लागेल तिला. माझी आई, जी बाजारात जातानाही पावडर लावून जायची.

जाताना तो माझ्या दाराशी थांबला. "ताई, चर?"

"किती वेळा सांगू?"

"त्या पाण्यात उंदीर मरून पडलेत. वास येत नाही का तुम्हाला?"

"मी वर राहते," मी म्हटलं. खरंच येत नाही. वारा रस्त्याकडून असतो.

१९ सप्टेंबर

लामचे डोळे लाल झाले आहेत. काल रात्रभर रडली असणार. आज दुसऱ्या खेपेलाच जिन्याच्या पायरीवर बसली आणि दोन्ही पोटऱ्या चोळत राहिली. उशीर झाला तिला, शाळेची घंटा होऊन गेली. वर बघून हसली नाही.

जवळ आलं आहे. मला कळतं. माणूस मोडायच्या आधी असाच बसतो.

२० सप्टेंबर

आज पेज विकायला गेली नाही. आईच वरून ओरडून कोणालातरी सांगत होती, ताप आहे म्हणून. पावसात भिजली की ताप येतोच. मी तापाच्या गोळ्यांचं पाकीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीवरून टाकलं. तिने पाण्यातून उचलून घेतलं, दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

२२ सप्टेंबर

उन्हात उभी होती, पिवळी दिसत होती. खात नसेल. खोटा हट्ट माणसाला असाच खातो.

२३ सप्टेंबर

म्हणाली.

आज दुपारी चार वाजता म्हणाली. वाटेने आली, माझ्या भिंतीला धरत धरत. कमरेपर्यंत भिजलेली. मी ओट्यावर कपडे वाळत घालत होते. ती खाली उभी, मी वर. भिंतीच्या कडेवर तिने हनुवटी टेकली.

"ताई, आईला तू ने."

मग मी म्हटलं, "काय? ऐकू नाही आलं."

ऐकू आलं होतं. पण मला पुन्हा हवं होतं.

"आईला तू ने. मला उचलवत नाही."

"तूच म्हणतेस ना? मी मागितलं नाही. लक्षात ठेव."

"हो. मीच म्हणते." तिचे डोळे फार पिवळे होते. "तिला मासा नीट निवडून दे. काटा कळत नाही तिला आता. आणि आंघोळीला गार पाणी नको."

मी ताबडतोब साम्रितला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, पहिल्यांदाच वेळेवर. आईला पाठीवर घेऊन वाटेने आला, आणि मी तिला निळ्या चादरीवर झोपवलं. आई एक शब्द बोलली नाही. दमली असेल. साम्रित परत मागे गेला आणि लामलाही पाठीवर घेऊन आला. तिला ट्रकमध्ये बसवून तालुक्याच्या रुग्णालयात नेतो म्हणाला. साध्या तापाला केवढा गाजावाजा. पण आज मला कोणावर रागावता येत नाही. आई पलीकडच्या खोलीत आहे. मी तिचा श्वास ऐकते आहे.

२७ सप्टेंबर

लाम गेली. आज पहाटे. उंदराच्या मुतातून होतो तो ताप, साचलेल्या पाण्यातून, पायाच्या भेगांतून शिरतो. मूत्रपिंडं निकामी झाली, मग फुप्फुसात रक्त. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणली असती तर. पोरगेला डॉक्टर आहे, कालपरवा पास झालेला. या लोकांना सगळ्याला पाणीच कारण दिसतं.

चोपन्न वर्षांची होती. मला रडू येत नाही, कशामुळे कळत नाही.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. तिला पाठीवरून नेली तेव्हाच कळलं मला." मग तोंड भिंतीकडे केलं.

४ ऑक्टोबर

विहारातले सगळे विधी झाले. गाव लोटला होता. शाळेची मुलं गणवेशात आली होती, पेज खाणारी. माझ्याशी कोणी वाईट बोललं नाही. कोणी काहीच बोललं नाही.

९ ऑक्टोबर

आईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. मला बाईसाहेब म्हणते.

परवा सकाळी चहा नेला तर उठून बसली, दोन्ही हात जोडून म्हणाली, "फार उपकार, बाईसाहेब." मला वाटलं थट्टा करते. पण मग दिवसभर तेच. "बाईसाहेब, पाणी मिळेल का?" "बाईसाहेब, खिडकी उघडली तर चालेल का?" मासा निवडून भरवला तर म्हणते, "तुम्ही कशाला त्रास घेता?" माझ्याशी तिने आयुष्यात तुम्ही केलं नव्हतं. न्हाणीघरात दांडा धरून उभी राहते आणि आधी विचारते, "हा धरू ना?"

धक्का आहे. या वयात होतं असं. तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

१६ ऑक्टोबर

साम्रित आज सकाळी सात वाजता पोकलेन घेऊन आला. मला विचारलं नाही. माझ्या भरावावरून मशीन घातलं, मागच्या हद्दीवर उतरवलं आणि चर खणला. मी दारात उभी राहिले. ओरडायचं होतं, ओरडले नाही. एकच्या सुमारास त्याने नाल्याकडचा शेवटचा बांध फोडला आणि पाणी निघालं. पाच वाजेपर्यंत अंगण उघडं पडलं. चार तास लागले. गाळात लामची एक वाटी, आईची वेताची खुर्ची, पलंगाखालच्या विटा. तीन तीन, चार जागी.

तो हातपाय धुवायला माझ्या नळावर आला. मी म्हटलं, "आता कशाला केलंस?"

"तेव्हा करायला हवा होता," तो म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात आणि मी ऐकलं. गावात लोक फक्त तुम्हालाच बोलतात, ताई. मला कोणी बोलत नाही, त्याने झोप लागत नाही मला."

मग तो आईच्या खिडकीशी गेला. मी स्वयंपाकघरात होते, पण घर पातळ भिंतींचं आहे, सगळं ऐकू येतं.

"आजी, कशी आहेस?"

"जिवंत आहे, काय करू? तुझ्या बायकोचं बाळंतपण कधी रे? या महिन्यात ना?"

"हो, शेवटच्या आठवड्यात."

"तिला म्हणावं, पायऱ्या चढू नको. आणि तू जेवत जा, गालफडं बसली आहेत. लामच्या अस्थी ठेवल्यात तिथे फुलं कोण घालतं?"

"मीच घालतो."

"पांढरी घाल. तिला लाल आवडत नव्हती."

मी पातेल्याचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. भात खाली लागला.

१७ ऑक्टोबर

रात्रभर विचार केला होता, म्हणून सकाळी चहा ठेवून तिथेच पलंगाशी बसले. तिने हात जोडले. "उपकार, बाईसाहेब."

"आई, माझ्याकडे बघ. मी कोण आहे?"

तिने बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते, मोतीबिंदूचं मीच तर ऑपरेशन करवलं होतं तिचं.

"सांग ना. मी कोण?"

"तू संगवियन," आई म्हणाली. "माझी थोरली. आठव्या महिन्यात झालीस, धो धो पाऊस होता, सुईण होडीतून आली. मला सगळं आठवतं. तू कोण आहेस ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच बाईसाहेब म्हणते."

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी केलं गं हे सगळं." ते माझ्याच कानाला कसंतरी वाटलं.

"हो," ती म्हणाली. "उंच आहे. कोरडं आहे. तक्रारीला जागा नाही." आणि चहाची बशी दोन्ही हातांनी माझ्याकडे पुढे केली, जशी दुसऱ्याच्या घरची बशी परत करतात.

ती अजून दहा वर्षं जगेल. तिच्या आईकडचे सगळे नव्वदीपार गेले.

१८ ऑक्टोबर

मासा आणला. काटे नीट निवडून भाताबरोबर दिला. सगळं जेवली आणि म्हणाली, "पोट भरलं, बाईसाहेब. आता तुम्ही जेवून घ्या."